मैत्रीच्या अटी: महाडचा निकष आणि प्रजासत्ताकाचे परराष्ट्र धोरण

लोकशाही तत्त्वांवर उभ्या राहिलेल्या राष्ट्राने परकीय सत्तांशी मैत्री जोडताना त्याच तत्त्वांचा निकष लावावा की नाही, हा प्रश्न बहुधा नीती आणि हितसंबंध यांच्यातील झगडा म्हणून मांडला जातो. एका पक्षाच्या मते हुकूमशहाशी हातमिळवणी करणारे प्रजासत्ताक स्वतःच्या स्थापनेशीच बेइमान होते. दुसऱ्या पक्षाच्या मते परराष्ट्रव्यवहारात राष्ट्राचे अस्तित्व टिकवणे हेच पहिले कर्तव्य असल्यामुळे मित्राच्या घरात कोणती राज्यव्यवस्था आहे याची चौकशी करत बसणे परवडणारे नसते. तत्त्वांशी सुसंगत मैत्री म्हणजे आपल्यासारखीच राज्यव्यवस्था असलेल्या राष्ट्राशी मैत्री, हे मात्र दोन्ही पक्ष न बोलता मान्य करतात. हे गृहीतक तपासण्यासाठी लागणारी सामग्री रायगडच्या किनारपट्टीवर, म्हणजे १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात, दाटीने साठलेली आहे: एका नव्या राज्याने स्थापनेच्याच आठवड्यात परकीयांशी केलेला तह, एका आरमाराचा परकीयांच्या मदतीने झालेला नाश, आणि मानवी समतेच्या लढ्यात कोणाची मदत कोणत्या अटीवर घ्यावी याविषयी महाड येथे झालेला निर्णय. या सामग्रीतून असे दिसते की मित्राची राज्यपद्धती हा दुय्यम पुरावा आहे. मैत्री कोणत्या अटीवर होते आणि तिची किंमत कोणाच्या पदरात पडते, हा खरा निकष आहे.

येथे ‘संस्थापक तत्त्वे’ या संज्ञेने, राज्य कशासाठी आहे याविषयी एखाद्या राष्ट्राने स्थापनेच्या वेळी जाहीरपणे दिलेली ग्वाही अभिप्रेत आहे. भारतापुरती ती राज्यघटनेच्या उद्देशिकेत न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या चार शब्दांत आली आहे. ‘मैत्री’ या शब्दाचा वापर अधिक सैल असल्यामुळे त्यातील तीन व्यवहार वेगळे करणे आवश्यक ठरते. व्यापार हा पहिला, एकमेकांच्या राजधानीत राजदूत ठेवणे हा दुसरा, आणि संकटकाळी मदतीला जाण्याचा किंवा निदान शत्रूला मदत न करण्याचा बंधनकारक करार हा तिसरा. पहिले दोन व्यवहार जगातील बहुतेक सर्व राष्ट्रांशी करावे लागतात आणि त्यांतून समोरच्याच्या कारभाराला मान्यता दिली जाते असे कोणी समजत नाही. वादाचा विषय तिसरा आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद ५१ राज्याला आंतरराष्ट्रीय शांतता, राष्ट्राराष्ट्रांतील न्याय्य व सन्मानपूर्ण संबंध, करारांचा आदर आणि लवादाने तंटे सोडवणे यांचा मार्ग दाखवतो, परंतु मित्र लोकशाहीच असावा असे तो कोठेही म्हणत नाही. ‘न्याय्य’ आणि ‘सन्मानपूर्ण’ ही दोन विशेषणे संबंधांना लावली आहेत, संबंध ज्याच्याशी जोडायचे त्या राज्याला लावलेली नाहीत. ही निवड अर्थपूर्ण मानण्यास जागा आहे.

जुन्या भारतीय राजनीतिशास्त्राने मित्राचा विचार मुख्यतः स्थानावरून केला. कौटिल्याच्या मंडलसिद्धांतानुसार, म्हणजे विजय मिळवू पाहणाऱ्या राजाला केंद्रस्थानी ठेवून भोवतालच्या राज्यांची वर्तुळे कल्पिणाऱ्या मांडणीनुसार, सीमेला लागून असलेला राजा हा स्वभावतः शत्रू आणि त्याच्या पलीकडचा राजा हा स्वभावतः मित्र ठरतो. त्या पलीकडच्या राज्यात प्रजेचे काय चालले आहे हा या गणिताचा भाग नसतो. युरोपात १७९५ साली इमॅन्युएल कांट याने चिरंतन शांततेवरील आपल्या निबंधात याच्या उलट टोकाची अट घातली आणि प्रत्येक राज्याची घटना प्रजासत्ताक स्वरूपाची असावी असे शांततेचे पहिले कलम मांडले. कांटचे हे कलम पुष्कळदा उद्धृत होते, पण त्यामागचे कारण क्वचितच नीट वाचले जाते. प्रजासत्ताकातील माणसे अधिक सज्जन असतात असा त्याचा दावा नव्हता. जेथे युद्धासाठी नागरिकांची संमती लागते तेथे रक्त, कर आणि उद्ध्वस्त घरे या रूपाने किंमत मोजणारेच निर्णय घेतात आणि म्हणून ते कचरतात, एवढाच त्याचा युक्तिवाद होता. म्हणजे कांटच्या लेखीही राज्यपद्धतीचे मोल, किंमत मोजणारा आणि निर्णय घेणारा यांची सांगड ती घालते या एका कारणाने आहे.

रायगडावर ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन गडावर उपस्थित होता, आणि आठवडाभराच्या आतच नव्या छत्रपतींचा ईस्ट इंडिया कंपनीशी तह झाला. हे राज्य लोकशाही नव्हते आणि त्याला आजच्या अर्थाने लोकशाही म्हणणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. तथापि राज्याची स्थापना आणि परकीयांशी पहिला करार हे एकाच ठिकाणी, एकाच आठवड्यात घडल्यामुळे त्या कराराच्या अटी विशेष लक्षपूर्वक वाचण्यासारख्या आहेत. राजापूरच्या लुटलेल्या वखारीची भरपाई आणि व्यापाराची मोकळीक या इंग्रजांच्या मागण्या मान्य झाल्या. जंजिऱ्याच्या सिद्दीशी सलोखा करावा ही त्यांची मध्यस्थी मात्र झिडकारली गेली. किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांचा माल परत द्यावा हे कलमही कोकणच्या जुन्या वहिवाटीकडे बोट दाखवून नाकारले गेले, आणि त्यात राजाचा स्वतःचा लाभ होता हे उघड आहे. सर्वांत लक्षणीय निर्णय नाण्यांविषयीचा होता. कंपनीचे नाणे राज्यात चालावे अशी मागणी आली तेव्हा कोणतेही नाणे चालण्यास आडकाठी नाही, पण रयतेला तोटा सोसून ते घेण्यास भाग पाडता येणार नाही, अशा आशयाचे उत्तर देण्यात आले. व्यापारी कंपनीच्या राज्यपद्धतीचा किंवा धर्माचा या वाटाघाटीत प्रश्नच आला नाही. प्रश्न आला तो करारातील एका कलमाचा बोजा कोणावर पडेल याचा, आणि तो ज्यांच्या वतीने करार होत होता त्यांच्यावर पडणार असे दिसताच ते कलम बाजूला ठेवले गेले.

सुमारे ८० वर्षांनी याच किनाऱ्यावर याच्या उलट व्यवहार झाला. मधल्या काळात रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्राने टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, स्पष्ट इशारा दिला होता की हे इतर सावकारांसारखे नाहीत, त्यांच्या मागे त्यांचे राजे आहेत, आणि म्हणून त्यांना किनाऱ्यावर पक्के ठाणे करू देऊ नये. तरीही पेशव्यांची सत्ता न जुमानणाऱ्या आरमारप्रमुख तुळाजी आंग्र्यांना नमवण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार केला. त्याच वर्षी कमोडोर जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांच्या मोहिमेत विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळून गेले. पुढे ऑक्टोबर १७५६ च्या तहात विजयदुर्गाच्या बदल्यात बाणकोट आणि आसपासची काही गावे इंग्रजांकडे राहिली, आणि सावित्री नदीचे मुख, ज्या नदीच्या काठी महाड वसले आहे तिचे मुख, परक्या हाती गेले. तुळाजींच्या वर्तनाचा बचाव करण्याचे कारण नाही. त्यांच्याशी पेशव्यांचा वाद खराच होता. दोष कराराच्या अटीत होता, कारण स्वराज्याच्या सागरी संरक्षणाचे साधन नष्ट करून घेणे हीच त्या मैत्रीची किंमत ठरली, आणि किनाऱ्यावरील कोळी, भंडारी, गलबतवाले यांच्यापैकी कोणालाही ती किंमत मान्य आहे का असे विचारले गेले नव्हते. १८०२ चा वसईचा तह आणि १८४० मध्ये कुलाब्याच्या आंग्रे संस्थानाचे खालसा होणे हे याच रस्त्यावरचे पुढचे टप्पे होत.

वर सांगितलेला निकष तत्त्व म्हणून सर्वांत स्वच्छ रूपात दिसतो तो मात्र राजांच्या तहांत दिसत नाही, महाडच्या सत्याग्रहात दिसतो. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता, महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते, आणि तरीही प्रत्यक्षात कोणा अस्पृश्याला तेथे पाणी भरता येत नव्हते. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या वेळी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी तळ्यावर जाऊन पाणी प्याले, त्यानंतर प्रतिनिधींवर हल्ले झाले, सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले, आणि डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले. डिसेंबरच्या परिषदेतील भाषणात आंबेडकरांनी त्या सभेची तुलना १७८९ मध्ये व्हर्साय येथे भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. म्हणजे ते पाण्याच्या हक्काचे आंदोलन चालवत असताना एका नव्या समाजाची स्थापना होत आहे अशी त्यांची धारणा होती, आणि पुढे २२ वर्षांनी राज्यघटनेच्या उद्देशिकेत आलेली तत्त्वे त्या सभेत आधीच उच्चारली गेली होती.

या तयारीच्या काळात ब्राह्मणेतर चळवळीचे नेते केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी सत्याग्रहाला पाठिंबा देऊ केला, पण एका अटीवर: आंदोलनात ब्राह्मणांना घेऊ नये. त्या वेळच्या बळाबळाचा विचार केला तर हा प्रस्ताव किती मोलाचा होता हे कळते. अस्पृश्य समाज विखुरलेला आणि गावोगावी बहिष्काराच्या टाचेखाली होता, तर ब्राह्मणेतर चळवळीला देशावरच्या बहुजन समाजाचा, वृत्तपत्रांचा आणि विधिमंडळातील प्रतिनिधींचा आधार होता. शिवाय दोघांचा विरोधक अनेक बाबतींत एकच होता. कौटिल्याच्या गणितात शत्रूचा शत्रू मिळाला असता. आंबेडकरांनी अट नाकारली. आपला झगडा ब्राह्मण व्यक्तींशी नसून जन्मावरून उच्चनीच ठरवणाऱ्या वृत्तीशी आहे, ती वृत्ती ब्राह्मणेतरात असली तरी तितकीच विरोधास पात्र आहे आणि ती टाकून दिलेला ब्राह्मण आपला सहकारी आहे, अशी त्यांची भूमिका होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या जन्माने ब्राह्मण असलेल्या सहकाऱ्याने मांडला, आणि ज्या परिषदेला महाडात कोणी जागा देत नव्हते तिला फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली.

या तीन घटना एकत्र ठेवल्या की निकष हाती येतो. फत्तेखानांना जमीन देण्यापूर्वी त्यांचे समाजविषयक विचार कोणी विचारले नाहीत, कारण त्यांच्या मदतीला लागलेली अशी कोणतीही अट नव्हती की जिच्यामुळे परिषदेला आपल्या तत्त्वाविरुद्ध वागावे लागेल. जेधे-जवळकर हे विचारांनी कितीतरी जवळचे होते, तरी त्यांच्या अटीने जन्मावरून माणूस वगळण्याची तीच कृती आंदोलनाकडून करून घेतली असती जिच्याविरुद्ध आंदोलन उभे होते. दूरच्याची विनाअट मदत घेतली गेली आणि जवळच्याची सशर्त मदत नाकारली गेली. सत्याग्रह करावा की न्यायालयाच्या मनाईमुळे पुढे ढकलावा हा प्रश्नही डिसेंबरात प्रतिनिधींच्या सभेपुढेच ठेवला गेला. ज्यांना तुरुंगात जावे लागणार होते त्यांनीच त्याचा निर्णय केला. कांटच्या युक्तिवादाचे मर्म महाडच्या मांडवात, त्याचे नावही न घेता, व्यवहारात उतरले होते.

याच आंबेडकरांनी पुढे भारताच्या परराष्ट्र धोरणावर जी टीका केली तिच्यात दोन वेगवेगळे युक्तिवाद एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि ते सोडवल्याखेरीज तिचे मूल्यमापन करता येत नाही. ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिपदाच्या राजीनाम्याविषयी केलेल्या निवेदनात त्यांनी म्हटले की देशाच्या ३५० कोटी रुपयांच्या महसुलापैकी १८० कोटी रुपये सैन्यावर खर्च होतात, कारण अडचणीत धावून येईल असा मित्र आपल्याला उरलेला नाही. तीन वर्षांनी, २६ ऑगस्ट १९५४ रोजी, राज्यसभेत त्यांनी पंचशील कराराचा समाचार घेतला. भारत आणि चीन यांच्यात २९ एप्रिल १९५४ रोजी तिबेटशी व्यापार व दळणवळण याविषयी जो करार झाला त्याच्या प्रास्ताविकात परस्परांच्या सार्वभौमत्वाचा आदर, अनाक्रमण, अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे, समता व परस्परहित आणि शांततामय सहअस्तित्व ही पाच तत्त्वे होती. आंबेडकरांचा पहिला युक्तिवाद असा होता की साम्यवादी हुकूमशाही आणि संसदीय लोकशाही यांचे सहअस्तित्व टिकणारे नाही, म्हणून भारताने स्वतंत्र राष्ट्रांच्या बाजूने उभे राहावे. दुसरा असा की पंचशील हा बौद्ध धर्माचा गाभा आहे, आणि माओंचा त्यावर विश्वास असता तर आपल्या सत्तेखालील बौद्धांना त्यांनी वेगळे वागवले असते. पहिला युक्तिवाद मित्राच्या राज्यपद्धतीचा आहे. दुसरा महाडचा आहे.

दुसरा युक्तिवाद काळाच्या कसोटीवर पूर्णपणे टिकला. त्या करारात तिबेटचा उल्लेख चीनचा प्रदेश असा झाला, तिबेटी जनतेचा कोणी प्रतिनिधी सही करणाऱ्यांत नव्हता, आणि मैत्रीची खरी किंमत तिसऱ्याच समाजाच्या पदरात टाकण्यात आली. राष्ट्रांच्या समतेची भाषा वापरून एका समाजाच्या स्वातंत्र्याविषयी मौन विकत देण्यात आले, ही या करारातील सर्वांत गंभीर गोष्ट होय. आठ वर्षांची मुदत संपून १९६२ मध्ये करार निरस्त झाला आणि त्याच वर्षी युद्ध झाले, याच्याकडे बोट दाखवून पंचशीलाचा फोलपणा सांगितला जातो. पण समजा ते युद्ध झालेच नसते आणि मैत्री फळली असती, तरीही तिबेटसंबंधीचा आक्षेप तितकाच खरा राहिला असता. या करारानंतर अवघ्या काही महिन्यांत, ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणी भाषणात, स्वातंत्र्य, समता व बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नसून बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहे असे आंबेडकरांनी सांगितले. त्यांच्या दृष्टीने बंधुता हे धर्मतत्त्व होते आणि ते सीमेवर येऊन थांबणारे नव्हते.

पहिला युक्तिवाद मात्र त्यांच्याच काळातील पुराव्यासमोर डळमळतो. ज्या संघटनेचा विषय राज्यसभेतील त्या चर्चेत होता तिचा, म्हणजे आग्नेय आशिया संरक्षण संघटनेचा, करार ८ सप्टेंबर १९५४ रोजी मनिला येथे झाला. तिच्या सदस्यांत लष्करी अंमलाखालील थायलंड होते, आणि सही होऊन दोन महिने व्हायच्या आत, २४ ऑक्टोबरला, दुसऱ्या सदस्याने म्हणजे पाकिस्तानने आपली संविधानसभा बरखास्त केली. नाटो करार एप्रिल १९४९ मध्ये झाला. त्याच्या प्रास्ताविकात लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य यांचा उच्चार आहे, आणि संस्थापक सदस्यांत सालाझारच्या हुकूमशाहीखालील पोर्तुगाल आहे. हे पोर्तुगाल रायगडच्या किनाऱ्याला अनोळखी नव्हते. रेवदंड्याचा कोट आणि कोर्लईचा किल्ला आजही उभे आहेत, आणि कोर्लई गावात पोर्तुगीजमधून घडलेली बोली आजही बोलली जाते. गोव्याच्या मुक्तीसाठी १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्यासारखे महाराष्ट्रातील नेते सत्याग्रह करत असताना, त्याच वर्षी २ डिसेंबरला, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्री कुन्या यांच्यासह काढलेल्या निवेदनात या वसाहतींचा उल्लेख पोर्तुगालचे प्रांत असा केला. अमेरिकेची लोकशाही त्या दिवशी कमी झालेली नव्हती. तिच्या मैत्रीच्या एका अटीने गोमंतकीयांचे स्वातंत्र्य खर्ची टाकले होते, एवढेच.

याची दुसरी बाजू १९७१ ची आहे. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातील १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जिंकून संपूर्ण राष्ट्रीय सभेत बहुमत मिळवले, लष्करी राजवटीने ते बहुमत रक्तात बुडवले, आणि जगातील सर्वांत समर्थ लोकशाही त्या राजवटीच्या पाठीशी उभी राहिली. भारताने ९ ऑगस्ट १९७१ रोजी शांतता, मैत्री आणि सहकार्याचा करार केला तो सोव्हिएत संघाशी, जेथे विरोधी पक्षाला अस्तित्वच नव्हते. मित्राच्या राज्यपद्धतीचा निकष लावला तर हा करार तत्त्वच्युतीचा ठरेल. पण त्या करारात भारताच्या अलिप्ततेच्या धोरणाचा आदर करण्याची ग्वाही होती, आणि त्याचा तातडीचा परिणाम म्हणजे एका जनतेने मतपेटीतून दिलेला निर्णय खरा होण्यास मिळालेला आधार. भारतीय प्रजासत्ताकाच्या तत्त्वांशी इतका जुळणारा दुसरा परराष्ट्रीय निर्णय दाखवणे कठीण आहे. याच मैत्रीची दुसरी, न लिहिलेली अट मात्र तत्त्वांना बाधक ठरली. १९५६ मध्ये हंगेरीत संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली मुक्त निवडणुका घेण्याची मागणी करणाऱ्या ठरावाविरुद्ध भारताने मत दिले होते. १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या वेळी सरकारने निषेध टाळला तेव्हा अशोक मेहता यांनी मंत्रिपद सोडले. आणि जानेवारी १९८० मध्ये अफगाणिस्तानच्या प्रश्नावर भारत मतदानात तटस्थ राहिला. मदत घेणे गैर नव्हते. मदतीच्या बदल्यात मौन देणे गैर होते.

करार शासनाशी होतो की जनतेशी, हा प्रश्न येथे अपरिहार्यपणे येतो. अमेरिकेच्या नवजात प्रजासत्ताकाने फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सच्या निरंकुश राजाशी मैत्री केली, आणि १७९३ मध्ये तो राजा वधस्तंभावर गेल्यावर करार बांधील राहतो का असा वाद झाला तेव्हा जेफरसन याने मत दिले की करार राष्ट्राशी झालेला असतो, राजा हा केवळ त्या राष्ट्राचा मुखत्यार असतो. हे मत मानले तर त्याचा एक परिणामही मानावा लागतो: हुकूमशहाशी करार करणाऱ्याने आपण त्याच्या जनतेशी बोलत आहोत हे सतत ध्यानात ठेवले पाहिजे, कारण उद्या तीच जनता सत्तेवर येईल आणि आपल्या मौनाचा हिशेब मागेल.

या भूमिकेवर असा आक्षेप येऊ शकतो की ती फारच सैल आहे, कारण अटी निर्दोष असल्या की कोणत्याही जुलमी सत्तेशी मैत्रीची मुभा ती देते. आक्षेपात तथ्य आहे, परंतु जुलमी सत्तेच्या मैत्रीच्या अटी क्वचितच निर्दोष राहतात. आपल्या प्रजेविषयी कोणी बोलू नये ही तिची पहिली मागणी असते आणि ती कागदावर न येताच पाळली जाते. म्हणून मित्राची राज्यपद्धती पाहिली पाहिजे, ती पुढील अटींचे चिन्ह म्हणून. उलट बाजूने असाही आक्षेप येईल की गरजवंताला अटी घालता येत नाहीत, आणि श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर १९९३ च्या आरंभी मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके उतरवली गेली त्या किनारपट्टीला संरक्षणाची गरज समजावून सांगावी लागत नाही. गरज मोठी असेल तर राष्ट्राने अधिक किंमत द्यावी. ती स्वतःच्या खिशातून द्यावी, एवढेच तत्त्वाचे म्हणणे आहे. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वंशभेदी कायद्यांच्या निषेधार्थ भारताने त्या देशाशी व्यापार तोडला तेव्हा नुकसान भारताने स्वतः सोसले, आणि म्हणूनच त्या निर्णयाला नैतिक वजन आले.

पेण तालुक्यातील गागोदे या गावी जन्मलेल्या विनोबा भावे यांनी दिलेला ‘जय जगत्’ हा घोष या सर्व चर्चेच्या पलीकडे जाऊन मित्र आणि शत्रू अशी राष्ट्रांची विभागणीच नाकारतो. ती दृष्टी आदरास पात्र आहे, परंतु तहावर सही करणाऱ्या शासनाला तिच्यातून आज काय करावे याचे उत्तर मिळत नाही.

राज्यपद्धतीच्या प्रश्नाकडे परतायचे तर, लोकशाही मित्राशी केलेल्या करारातही किंमत दुसऱ्याच्या माथी मारली जाऊ शकते, आणि त्याचा पुरावा शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात आहे. जैतापूर येथे प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या नियोजित सहा अणुभट्ट्यांपैकी पहिल्या दोन उभारण्यासाठीचा करार ६ डिसेंबर २०१० रोजी फ्रेंच राष्ट्राध्यक्षांच्या भारतभेटीत झाला. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हे ज्या देशाचे ब्रीद आहे त्याच्याशी झालेला हा करार राज्यपद्धतीच्या निकषावर निर्दोष ठरेल. माडबन परिसरातील शेतकरी आणि साखरीनाटे येथील मच्छीमार विरोध करत राहिले, आणि १८ एप्रिल २०११ रोजी पोलीस गोळीबारात एका आंदोलकाचा मृत्यू झाला. अणुऊर्जा योग्य की अयोग्य हा येथे प्रश्न नाही. दोन प्रजासत्ताकांच्या मैत्रीची किंमत ज्यांच्या जमिनीतून आणि खाडीतून वसूल व्हायची होती त्यांना त्या मैत्रीच्या वाटाघाटीत कोणतेही स्थान नव्हते, हा आहे.

अटी हाच निकष मानला तर अटी कोणाला दिसतात हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो, आणि येथे भारतीय घटनाव्यवस्थेतील उणीव उघडी पडते. करार करण्याचा अधिकार अनुच्छेद ७३ आणि संघसूचीतील चौदाव्या नोंदीच्या आधारे केंद्रीय कार्यकारी मंडळ वापरते. संसदेची पूर्वसंमती त्याला लागत नाही. अनुच्छेद २५३ संसदेला करार अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार देतो, म्हणजे सही झाल्यानंतरचा अधिकार देतो, आणि बेरुबारी प्रकरणातील १९६० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या अभिप्रायामुळे भूप्रदेश सोडून द्यायचा असेल तर घटनादुरुस्ती लागते. अमेरिकेत सिनेटच्या दोन-तृतीयांश मतांची अट आहे. भारतात करारांना संसदेची मान्यता बंधनकारक करावी यासाठी खासगी विधेयके मांडली गेली, पण ती कायद्यात उतरली नाहीत. १९५४ चा करार संसदेपुढे चर्चेला आला तो सही झाल्यावर, आणि आंबेडकरांचे भाषणही त्यानंतर चार महिन्यांनी झाले. तिबेटविषयीचे कलम सही होण्यापूर्वी सभागृहाच्या पटलावर ठेवले गेले असते, तर ते बदलले असते की नाही हे सांगता येणार नाही. परंतु ज्या प्रजासत्ताकाच्या नावाने ते मौन दिले गेले त्याच्या प्रतिनिधींना ते देण्याचे नाकारण्याची संधी तरी मिळाली असती, आणि पुढच्या करारांपुरती ती संधी कायद्याने निर्माण करणे आजही संसदेच्या हातात आहे.